बाकी

देवबागेत खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळू
काही ठिकाणी इतकी अरुंद
की दोन्ही पाण्यांचे आवाज एकाच उशीवर येतात.
तिथे इनासमामा चाळीस वर्षं रापणीचे वाटे घालतो:
जाळ्याचा एक, होडीचा एक,
मग दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा.
मी सहज म्हणालो, दहा लाख तीन घे.
त्याचे वाटे पडत नाहीत.
“पडनत नाय असा काय नसता,” तो म्हणाला,
जाळ्याची सुई कानामागे खोचली
आणि चोपडी उघडली.

कॅलेंडरच्या पाठीवर मी लिहून दिल्या
दोनपासून नऊशे सत्त्याण्णवपर्यंतच्या
एकशे अडुसष्ट मूळ संख्या.
एवढ्या पुरतात. हजाराच्या पलीकडे कोणी भागणारा असलाच
तर त्याचा जोडीदार अलीकडे असणार,
हे त्याला समजवावं लागलं नाही.
रापणीचं एक टोक कितीही खोल जाऊ दे,
दुसरं किनाऱ्यावर कुणाच्या तरी मुठीत असतं.

एकसष्ट दिवसांची बंदी.
(एकसष्टसुद्धा मूळच, पण त्याचं कौतुक कुणाला.)
रोज तीन भागाकार, दिवे लागायच्या आत.
दोन सेकंदांचं काम आहे रे, मी मोबाईल पुढे केला.
“मोबायलान भागला तर बाकी कोणाक गावतली?”
पहिल्या दिवशी दोन, तीन, पाच:
उरले एक, एक, तीन.
दुसऱ्या दिवशी सात, अकरा, तेरा,
आणि तिघांनीही चारच ठेवले,
जणू बांधावर बसून आधी ठरवून आले होते.
चौथ्या दिवशी सदतीस आला, त्यानेही चार.
“ह्यो त्यांचोच भाव,” मामा म्हणाला.
खरंच होतं ते. नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव
हे या चौघांचं सामाईक घर.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे फोन: “गावलो!”
दोनशे त्रेसष्टाने निःशेष.
मी अंधारात उठून बसलो, काही सुचेना.
तासाभराने पुन्हा फोन.
“नाय रे. हातचो चुकलो. सत्त्याहत्तर रवले.”
आवाजात हरल्यासारखं काही नव्हतं.

मी त्याला इतरही सांगत राहिलो.
की चाराने भागून तीन उरतात,
म्हणून दोन चौकोनी खळी घेतलीस, कितीही लहानमोठी,
एकेक मासा ओळीने मांडत गेलास,
तरी एवढे मासे दोन्ही मिळून नेमके बसणार नाहीत.
की मागचा शेजारी वीस घरं अलीकडे,
मध्ये सगळे भागले जाणारे.
तो ऐकायचा, पण बोटं जाळ्याच्या फाटक्या डोळ्यांत.

सव्वीस जुलैला शेवटचे तीन.
दोनशे ब्याण्णव. चौऱ्याऐंशी. बारा.
शेवटी डझन उरावं, याचं त्याला हसू आलं.
तेव्हा मी चोपडी हातात घेतली
आणि पाहिलं, बाकीच्या रकान्यात आकड्यांपुढे नावं:
भागो. फिलूची आवय. हसिना.
पायाने अधू झालेला बस्त्याव.
वाटे घालून झाल्यावर जे टोपली घेऊन
जरा लांबच उभे राहतात, ते.

एकशे अडुसष्ट वाटण्या,
आणि एकदाही शून्य नाही.
सगळं एकट्याने नेलं तर काही उरत नाही, मी म्हणालो,
नाहीतर दहा लाख तीन माणसं यायला हवीत,
दरेकाला एकेक.
“म्हणजे एक तर सावकार, नाय तर अख्खो मुलूख,”
तो म्हणाला. “मधल्या सगळ्यांक पुरान उरता.”

बंदी उठायला पाच दिवस होते.
त्याने विचारलं, ह्येच्या फुडचो खंय?
तीस घरं पुढे, मी म्हणालो, दहा लाख तेहेतीस.
“लांब रवता,” म्हणाला,
आणि सुईत दोरा ओवायला उजेडाकडे वळला.